कुठलंही सिम चालतं ना?

गेल्या वर्षी माझा मावसभाऊ लातूरहून चाकणला आला. आयटीआय झालं होतं, एका कारखान्यात अप्रेंटिस म्हणून घेतलं होतं. खराबवाडीत चौघांत एक खोली. आठवडाभरात त्याचा फोन पाण्याच्या पिंपात पडला आणि रविवारी तो आमच्या निगडीच्या घरी येऊन म्हणाला, "दादा, एक जुना फोन बघितलाय. खोलीतलाच एकजण विकतोय. साडेचार हजाराला. दीड हजार दिलेत मी त्याला. फक्त एवढं बघून दे, त्यात कुठलंबी सिम चालतंय ना?"

मी हसलो. मी सॉफ्टवेअरवाला, २०१९ ला इंजिनिअर झालो. माझ्या पिढीत हा प्रश्न कोणी विचारत नाही. फोन आहे म्हणजे सिम चालणारच. पण कोपऱ्यात पेपर वाचत बसलेल्या बाबांनी मान वर केली. "बरोबर विचारतोय तो," ते म्हणाले. "मी विचारलं नव्हतं, म्हणून तीन वर्षं दोन खिशांत दोन फोन घेऊन फिरलो."

बाबांची ती गोष्ट मला अर्धवट माहीत होती. त्या दिवशी पूर्ण ऐकली, आणि मग या प्रश्नाचा इतिहास खोदत बसलो. तोच इथे सांगतो. कारण उत्तर दर चार-पाच वर्षांनी बदलत गेलंय, आणि आजही ते सरळ 'हो' नाही.

कार्ड वेगळं, फोन वेगळा

सुरुवात सिमकार्डापासून. आपल्याला ते इतकं साधं वाटतं की त्यामागे कोणीतरी निर्णय घेतला होता हे लक्षातच येत नाही. युरोपातल्या देशांनी मिळून जीएसएम हे तंत्र ठरवलं तेव्हा ग्राहकाची ओळख फोनमध्ये न ठेवता एका वेगळ्या कार्डात ठेवायची असं ठरलं. १९९१ मध्ये फिनलंडच्या राडिओलिन्या कंपनीला जर्मनीच्या गिझेक अँड डेव्हरिएंटने पहिली तीनशे सिमकार्डं पुरवली. नंबर कार्डात, कार्ड कुठल्याही फोनमध्ये. जुना फोन विकता येतो, उसना देता येतो, बाजारात त्याला किंमत राहते, ती या एका निर्णयामुळे.

भारतात ३१ जुलै १९९५ ला पहिला मोबाइल कॉल झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना केलेला. आपण जीएसएमच निवडलं होतं. देशाचे तुकडे पाडून प्रत्येकाला 'सर्कल' म्हटलं गेलं. मुंबई वेगळं सर्कल, उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दुसऱ्यात. इथे सुरुवातीला दोनच कंपन्या: बीपीएल आणि बिर्ला एटी अँड टी. यातली बिर्ला पुढे आयडिया झाली, बीपीएलचं महाराष्ट्रातलं जाळं हचकडे आणि मग व्होडाफोनकडे गेलं. २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. म्हणजे १९९७ च्या आसपास ज्या दोन कंपन्या एकमेकींशी भांडत होत्या त्यांचे वारस आज एकाच नावाखाली आहेत.

तेव्हा बोलणं भयंकर महाग होतं. मिनिटाला सोळा रुपयांहून जास्त दर होते आणि आलेल्या कॉलचेही पैसे पडायचे. भोसरीतल्या कारखान्याच्या मालकाकडे मोबाइल, कामगाराकडे पेजरही नाही, अशी ती वर्षं.

कंपनीचाच फोन, कंपनीचाच नंबर

हे चित्र २००३ मध्ये फिरलं. फोन करणाऱ्यानेच पैसे द्यायचे हा नियम आला आणि इनकमिंग फुकट झालं. त्याच सुमारास सीडीएमए हे दुसरं तंत्र जोरात आलं. रिलायन्सने २८ डिसेंबर २००२ ला सेवेची घोषणा केली आणि जुलै २००३ मध्ये 'मान्सून हंगामा' काढला: ५०१ रुपये भरा, फोन घेऊन जा. टाटा इंडिकॉमही त्याच तंत्रावर होती.

या फोनमध्ये सिम नव्हतं. नंबर थेट फोनमध्ये भरलेला. दुकानदार केबल लावून किंवा बटणं दाबून तो भरायचा. फोन त्या कंपनीचा, नंबर त्या कंपनीचा, दोन्ही एकमेकांना शिवलेले. कंपनीने हप्त्यावर, कमी पैशात फोन दिला होता, म्हणून ग्राहक पळू नये ही सोय. गुंतवणूक वसूल व्हायला हवी, हे त्यांच्या बाजूने समजण्यासारखं आहे. आणि एक खरंच मान्य करायला हवं, की या स्वस्ताईमुळेच आमच्यासारख्या हजारो घरांत पहिला फोन आला.

बाबा भोसरी एमआयडीसीत पॉवर प्रेस दुरुस्तीची कामं करायचे. नोकरी नाही, सुटी कामं. प्रेस बंद पडला की उत्पादन थांबतं, मालक आधी ज्याचा फोन लागेल त्याला बोलावतो. २००४ मध्ये बाबांनी दोन सीडीएमए कंपन्यांपैकी एकीचा फोन घेतला. नंबर पत्र्याच्या शेडांवर ऑइलपेंटने लिहिला, प्रेसच्या बाजूला मार्करने लिहिला. त्यांची जाहिरात, दुकान, ओळखपत्र, सगळं तो दहा आकडी नंबर.

मग कामं चाकणकडे सरकायला लागली. बजाजचा कारखाना तिथे आधीच होता. २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझचे कारखाने सुरू झाले. भोसरीतल्या छोट्या पुरवठादारांनी महाळुंगे, नाणेकरवाडी, खराबवाडीत शेड घेतल्या. बाबांच्या फोनला तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये रेंज येईना. दुसऱ्या कंपनीची येत होती. बाबांना वाटलं, सोपं आहे, कंपनी बदलू.

बदलता येईना. फोन दुसऱ्या कंपनीवर चालणार नाही, कारण सिमच नाही. नंबरही नेता येणार नाही, कारण तेव्हा तशी सोयच नव्हती. नवीन नंबर घेतला तर शेकडो शेडांवरचा जुना पुसून नवा कोण लिहिणार? पिंपरीतल्या एका दुकानात विकायला गेले तर त्याने फोन हातात घेऊन परत दिला: "काका, हा दुसऱ्याच्या काय कामाचा?" काही दुकानदार फ्लॅश मारून एका सीडीएमए कंपनीचा फोन दुसरीवर चालवून द्यायचे, पण बाबांचा नंबर त्याने सुटणार नव्हता.

मग २००८ पासून त्यांनी दुसऱ्या खिशात एक जुना नोकिया ११०० ठेवला. टॉर्चवाला. चाकणला गेले की जुन्या नंबरवर कोणाचा कॉल आला होता हे संध्याकाळी भोसरीच्या बाजूला परतल्यावर कळायचं. तोवर दुसऱ्या फिटरने प्रेस चालू केलेला असायचा.

आपण का सुटलो

हा प्रकार जगात अपवाद नव्हता. अमेरिकेत हीच रीत होती, तीही जीएसएम फोनवर. दोन वर्षांचा करार करा, फोन निम्म्याहून कमी किमतीत घ्या, आणि त्यात फक्त आमचं सिम चालेल. याला सिम लॉक म्हणतात. जीएसएमच्या नियमावलीतच त्याची सोय आहे: फोन सिमवरचे देश आणि कंपनीचे आकडे वाचतो, जुळले नाहीत तर कोड मागतो.

भारतात हे रुजलं नाही, कारण आपण प्रीपेड लोक. कंपनीला तुमचा पत्ता कागदावर माहीत, पण पुढच्या महिन्यात तुम्ही रिचार्ज माराल का, माहीत नाही. अशा माणसाला सवलतीत फोन कोण देणार? म्हणून सिम छत्रीखाली, फोन दुकानात, असे दोन वेगळे बाजार तयार झाले. गरिबीतून आलेली ही व्यवस्था ग्राहकाच्या फायद्याची ठरली. जेव्हा वरच्या थरात कुलपाचा प्रयोग झाला तेव्हा तो फार चालला नाही. २२ ऑगस्ट २००८ ला एअरटेल आणि व्होडाफोनने आयफोन थ्रीजी आणला, आठ जीबीचा ३१ हजाराला, तोही कंपनीशी बांधलेला. अमेरिकेत कुलपाच्या बदल्यात तोच फोन करारावर १९९ डॉलरला मिळत होता. इथे पूर्ण पैसे द्या आणि वर कुलूपही घ्या. लोक विचारणारच: मग कुलूप कशाचं?

पण परदेशातली कुलपं आपल्याकडे येतच होती. हिंजवडीतले ऑनसाइट जाऊन आलेले लोक येताना फोन आणायचे, मुंबईच्या मनीष मार्केटमधूनही माल यायचा. ते उघडणं हा पिंपरी कॅम्पातल्या आणि पुण्यातल्या दुकानांचा एक धंदाच झाला. जुन्या नोकिया फोनचा कोड आयएमईआय आणि कंपनीच्या क्रमांकावरून गणिताने निघायचा. ते गणित फुटलं आणि सायबर कॅफेतल्या पोराकडेही कोड काढायचं सॉफ्टवेअर आलं. पाचदा चुकलं की तो रस्ता बंद, मग केबल आणि बॉक्स लावून सॉफ्टवेअर मारावं लागे. आयफोनचं कुलूप ऑगस्ट २००७ मध्ये जॉर्ज हॉट्झ या सतरा वर्षांच्या अमेरिकन मुलाने तोडलं. नंतर सिमखाली ठेवायची पातळ पट्टी आली. ती फोनला सांगते की हे तुझ्याच कंपनीचं सिम आहे. आमच्याकडे तिला टर्बो सिम म्हणायचे. फोन अपडेट केला की ती पट्टी बंद, आणि गिऱ्हाईक परत दुकानात.

शिवाय, कुलूप उघडलं म्हणजे फोन चालेलच असंही नव्हतं. अमेरिकेत जीएसएम ८५० आणि १९०० मेगाहर्ट्झवर चालायचं, आपल्याकडे ९०० आणि १८०० वर. फक्त तिकडच्या दोन पट्ट्यांचा फोन आणला तर इथे त्याला रेंजच दिसत नसे. दार उघडं, पण रस्ता दुसऱ्याच गावाला जाणारा.

अमेरिकेत यावरून कायद्याची लढाई झाली. जानेवारी २०१३ नंतर घेतलेला फोन कंपनीला न विचारता उघडणं तिथे बेकायदेशीर ठरलं, इतका ओरडा झाला की ऑगस्ट २०१४ मध्ये संसदेने वेगळा कायदा करून परवानगी दिली. ब्रिटनने डिसेंबर २०२१ पासून कुलूपबंद फोन विकायलाच बंदी घातली. जपाननेही त्याच वर्षी तसंच केलं.

नंबर सुटला

आपल्याकडे फोन मोकळा होता, पण नंबर कैदेत. तो सुटला २० जानेवारी २०११ ला. आधी नोव्हेंबर २०१० मध्ये हरियाणात सुरुवात झाली, मग देशभर. १९०० वर 'पोर्ट' असा मेसेज पाठवायचा, येणारा कोड नव्या कंपनीला द्यायचा, फी जास्तीत जास्त १९ रुपये. सीडीएमएवरून जीएसएमवर जायलाही मुभा होती. सर्कल ओलांडून नंबर न्यायला मात्र जुलै २०१५ उजाडावा लागला.

बाबांनी पहिल्याच आठवड्यात मेसेज केला. मी तेव्हा आठवीत होतो, मेसेज मीच टाइप करून दिला. काही दिवसांनी एका सकाळी जुना फोन मुका झाला आणि नोकियात घातलेल्या नव्या सिमवर तोच भिंतीवरचा नंबर जिवंत झाला. बाबा त्या दिवशी मुद्दाम चाकणला गेले. "काम नव्हतं काही," परवा त्यांनी सांगितलं. "शेडमध्ये उभा राहिलो आणि तुझ्या आईला म्हटलं, लाव फोन."

पंधरा आकडे

आता प्रश्नाचा दुसरा भाग. फोन मोकळा असला की तो चोरालाही मोकळाच असतो. कुठलंही सिम चालतं म्हणूनच चोरीच्या फोनला गिऱ्हाईक मिळतं.

प्रत्येक फोनला पंधरा आकडी आयएमईआय असतो. *#०६# दाबा, दिसेल. पहिले आठ आकडे मॉडेलचे, पुढचे सहा त्या फोनचे, शेवटचा पडताळणीचा. हा शेवटचा आकडा लुन यांच्या पद्धतीने काढतात. हान्स पीटर लुन हे आयबीएमचे अभियंता, पद्धत १९५० च्या दशकातली, क्रेडिट कार्डावरही तीच. पहिल्या चौदा आकड्यांपैकी एक सोडून एक दुप्पट करायचा, दोन आकडी आला तर त्यातले दोन्ही आकडे मिळवायचे, मग सगळ्यांची बेरीज. ती ५२ आली तर पुढच्या दशकाला, म्हणजे ६० ला, ८ कमी. शेवटचा आकडा ८. दहा मिनिटांत लिहिता येईल असा प्रोग्रॅम. यातून टाइप करतानाची चूक सापडते, खोटेपणा नाही. कारण खोटा आकडा बनवणाऱ्यालाही हे गणित येतं.

२००८-०९ मध्ये बाजारात आलेल्या कित्येक चायना फोनमध्ये हा नंबर नव्हताच, किंवा सगळे शून्य. २६/११ च्या हल्ल्यानंतर सुरक्षेचा मुद्दा पुढे आला आणि १ डिसेंबर २००९ पासून असे फोन बंद करायचे आदेश निघाले. त्याआधी दुकानांत थोड्या पैशांत खरा नंबर बसवून देण्याची अधिकृत मोहीम झाली. तरी खोटे नंबर थांबले नाहीत. जून २०२० मध्ये मेरठ पोलिसांना एकाच आयएमईआयवर चालणारे १३ हजारांहून अधिक फोन आढळले.

चोरीच्या फोनची एक मध्यवर्ती यादी असावी आणि त्यातला फोन कुठल्याच कंपनीवर चालू नये, ही कल्पना भारतात पहिल्यांदा राबवली गेली ती आपल्या महाराष्ट्रात. सप्टेंबर २०१९ मध्ये सीईआयआर या नावाने. मे २०२३ मध्ये 'संचार साथी' पोर्टलमधून ती देशभर खुली झाली. फोन हरवला की पोलिसांत तक्रार करून इथे आयएमईआय टाकायचा, तो फोन सगळ्या कंपन्यांवर बंद होतो. आणि जुना घेणाऱ्यासाठी: १४४२२ वर 'केवायएम' लिहून पुढे आयएमईआय पाठवला की फोनची माहिती येते.

नवी कुलपं

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं तेव्हा 'कुठलंही सिम' पुन्हा अडलं. जिओकडे टूजी-थ्रीजी नव्हतंच, आवाजही फोरजीवरूनच जायचा. त्यामुळे चांगला, मोकळा, बिलासकट असलेला थ्रीजी फोन त्या सिमपुढे निरुपयोगी. २०१७ चा जिओफोन तर उघडच जिओपुरता बांधलेला: १५०० रुपये अनामत, सिम फक्त त्यांचंच. २००३ ची ५०१ रुपयांची कल्पना चौदा वर्षांनी नव्या कपड्यात परत आली होती.

आणि आता कुलूप कंपनीचं राहिलं नाही, खात्याचं झालंय. आयफोनमध्ये २०१३ पासून, अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून, मागच्या मालकाचा पासवर्ड नसेल तर पुसलेला फोन पुन्हा सुरूच होत नाही. हप्त्यावर घेतलेल्या काही फोनमध्ये हप्ता थकला की स्क्रीन बंद करण्याची सोय असते. सिम घाला कुठलंही, पण फोन कोणाचा आहे हे आधी सिद्ध करा.

खराबवाडीचा फोन

तर त्या रविवारी आम्ही मावसभावाच्या रूममेटला व्हिडिओ कॉल केला आणि *#०६# दाबायला सांगितलं. त्याने लगेच दाखवलं. फोनमध्ये त्याचं सिम होतं, कालपर्यंत चालत होतं, आज रेंज नव्हती. "सिमचा प्रॉब्लेम असंल," तो म्हणाला. मी आकडे उतरवून १४४२२ ला पाठवले. उत्तर आलं. मॉडेल बरोबर होतं. पुढे लिहिलं होतं की फोन काळ्या यादीत आहे.

रूममेट चोर नव्हता. त्यानेही तो महिन्यापूर्वी चौकात एकाकडून घेतला होता, तीन हजाराला, बिल-बॉक्स नसताना. आता त्याचे तीन हजार अडकले आणि माझ्या भावाचे दीड. भाऊ म्हणाला, "एखादा दुकानदार नंबर बदलून देईल की." देईलही. पण २०२३ च्या दूरसंचार कायद्यात आयएमईआयशी छेडछाड केली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड आहे, हे मी सांगितलं. बाबांनी कायदा सांगितला नाही. ते म्हणाले, "तो फोन कोणाचा असेल? तुझ्यासारखाच कोणीतरी असेल. त्यातच त्याचा नंबर, त्यातच त्याचे घरचे."

पोलीस चौकीत जायचं म्हटल्यावर रूममेट घाबरला. परगावचा, कंत्राटी, सुट्टी मिळेना. दोन दिवस त्यांच्या खोलीत कोणी कोणाशी बोललं नाही. शेवटी तिसऱ्या दिवशी बाबाच त्याच्याबरोबर गेले आणि फोन जमा केला. पोलिसांनी जबाब लिहून घेतला, ज्याच्याकडून घेतला त्याचं वर्णन विचारलं, सोडून दिलं. मूळ मालकाला फोन मिळाला का, आम्हाला कळलं नाही. दीड हजारांपैकी पाचशे परत आले, बाकीचे पगाराला देतो म्हणाला. माझ्या भावाने ते मागितले नाहीत.

पुढच्या रविवारी आम्ही पिंपरी कॅम्पात गेलो. साडेसहा हजारांचा फोन, बिलासकट. मी केवायएम केलं, दुकानदाराच्या समोर फोन पुसून पुन्हा सुरू करून पाहिला, तो जुनं खातं मागत नाही ना हे बघितलं, पावतीवर आयएमईआय लिहून घेतला. दुकानदार कंटाळला होता. शिवाय कारखान्यात कॅमेऱ्याचा फोन गेटवर जमा करावा लागतो, म्हणून आत न्यायला एक साधा बटणांचा, बिनकॅमेऱ्याचा फोनही घेतला, आठशेला.

बाबा काउंटरपाशी उभे होते. त्यांनी आपल्या फोनमधून सिम काढलं, तेच, शेडांवर लिहिलेल्या नंबरचं, आणि त्या बटणांच्या फोनमध्ये घातलं. काट्या एकेक करून वर चढल्या. "चालतंय," ते भावाला म्हणाले आणि सिम काढून परत आपल्या फोनमध्ये घालू लागले.